चौदा फुटांचं अंगण

माणसानं साठीच्या उंबरठ्यावर नवा नाद लावून घेऊ नये, असं आमच्या घरातल्या सर्वांचं मत आहे. हे मत माझ्याविषयी आहे हे मला कुणी वेगळं सांगावं लागत नाही. ते रोज रात्री माझ्याच ताटासमोर बसून मांडलं जातं. उतारवयात कुणाला भजनाचा नाद लागतो, कुणाला गुडघ्याला चोळायच्या तेलांचा, कुणाला देशाची काळजी करण्याचा. मला कॅमेऱ्याचा लागला. बरं, तोही सरळपणे नाही. पोराटोरांच्या खिशात फोटो काढणारे मोबाईल असताना मला हवा होता रिळाचा कॅमेरा. तो खिशात मावणारा हवा होता, उचलला, रोखला आणि खटका दाबला की काम झालं, असा साधाभोळा हवा होता, आणि एवढं सगळं असून त्याचं भिंग मात्र रुंद नजरेचं हवं होतं. माझा पुण्याचा पुतण्या त्याला ‘वाइड अँगल’ म्हणतो.

मुलीसाठी स्थळं बघावीत तसे आठ महिने मी कॅमेरे बघत होतो. आमचं कुटुंब म्हणालं, "स्वतःच्या लग्नाच्या वेळी एवढी चौकशी केली होतीत का?" मी म्हटलं, "तेव्हा एवढी अक्कल नव्हती." हे उत्तर मी ज्या अर्थानं दिलं त्या अर्थानं ते घेतलं गेलं नाही, आणि दोन दिवस चहात साखर कमी पडली.

पण या नादाचं मूळ आमच्या गावच्या घराच्या भिंतीवर टांगलेलं आहे. गाव रिठद, वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातलं. भिंतीवरचा तो फोटो निघाला १९७४ साली. तेव्हा वाशीम जिल्हाही नव्हता. तो झाला १९९८ साली, आणि तोवर आम्ही अकोला जिल्ह्याचे होतो. धाकट्या काकांचं लग्न झालं होतं. वरात घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या घराचा फोटो काढायला रिसोडहून एक फोटोग्राफर आला होता. मी आठ वर्षांचा होतो.

त्याचा तो कॅमेरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. एकावर एक अशी दोन भिंगं असलेला चौकोनी डबा. तो पोटाशी धरायचा आणि वरून मान घालून आत बघायचं. असल्या कॅमेऱ्यात चित्र सरळ दिसतं, पण आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटं दिसतं. त्यामुळे फोटोग्राफर "डावीकडचे आत या" म्हणाला की उजवीकडचे आत येत, आणि तो चिडून "अहो, ते नव्हे" म्हणाला की बुजुर्ग मंडळी उठून घरात जायला निघत. आमचं घर धाब्याचं, पुढं ओटा, ओट्यापुढं अंगण आणि अंगणात आड. सगळी मंडळी ओट्यावर आणि ओट्याखाली उभी राहिली. ती चौकटीत मावेनात म्हणून फोटोग्राफर मागं मागं सरकत गेला, आणि त्याची टाच आडाच्या कठड्याला लागली. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर आमच्या लग्नात आम्हांला सुतकच आलं असतं.

शेवटी खटका दाबला गेला. आठवड्यानं फोटो आला. काका-काकू मधोमध, आजोबांचा फेटा ताठ, वडील डोळे मिटलेले. आणि अगदी उजव्या कडेला मी, आणि माझ्या खांद्यावर एक हात.

नुसता हात. कोपरापासून पुढचा. मनगट मोकळं. त्याच्या मागचं माणूस फोटोच्या बाहेर.

तो हात आमच्या आत्याचा. वडिलांची ती थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत कपाळ पांढरं होऊन रिठदला परत आली ती कायमची. माझ्या आईच्या पाठोपाठच्या बाळंतपणांत मला न्हाऊ घातलं ते या हातानं, शाळेच्या दारात ढकललं ते या हातानं, आणि परत पळून आल्यावर पाठीत जो धपाटा बसला तोही याच हाताचा. पण घरात नवी सून आली, नवं नातवंड बोलायला लागलं, की भिंतीकडं बोट दाखवून पहिला प्रश्न यायचा, "हा हात कोणाचा?" कुणीतरी सांगायचं, "आत्याचा." "मग आत्या कुठं आहे?" "आत्या मावली नाही." त्यानंतर तिचा एकटीचा असा फोटो निघाला तो एकदम आधार कार्डासाठी. आधार कार्डावरचा फोटो म्हणजे काय चीज असते, ते वाचकांना मी काय सांगावं!

वडील गेल्यावर मी मनाशी ठरवलं. त्याच अंगणात, त्याच ओट्यावर, सगळ्या घराचा एक फोटो घ्यायचा आणि त्यात आत्या सबंध यायला हवी. फोटोग्राफरवर माझा पन्नास वर्षांचा राग होता. त्याचं भिंग अरुंद होतं, त्याचं डावं-उजवं उलटं होतं, आणि त्याच्या मागं आड होता. पहिल्या दोन गोष्टींवर उपाय करता येण्यासारखा होता.

पुतण्या हसला. म्हणाला, "काका, हा घ्या माझा मोबाईल. याची नजर तुमच्या जुन्या हिशेबानं चोवीस मिलिमीटरची. तुम्ही अठ्ठावीसच्या मागं लागलात. यात चार माणसं जास्तच मावतील."

मी म्हटलं, "बरोबर आहे. गेल्या चार दिवाळ्यांत या अंगणात मोबाईलवर चारशे फोटो तरी निघाले असतील. त्यांतला आत्याचा एक आण बघू."

तो शोधू लागला. एक मोबाईल पाण्यात पडला होता. एक विकला होता. उरलेल्यात आत्या दोन ठिकाणी सापडली. एकदा पाठमोरी, आणि एकदा फराळाच्या ताटामागं अर्धी. त्याचं कारणही मला ठाऊक होतं. मोबाईलचा फोटो इतक्या चटकन निघतो की कुणाला हाक मारायचं कारणच उरत नाही. "आत्या, ये गं" म्हणावं, तिनं पिठाचे हात धुवावेत, पदराला पुसावेत, तोवर फोटो निघून गावोगाव पोचलेलासुद्धा असतो. रिळाच्या कॅमेऱ्यात छत्तीस फोटो. एकेकाची किंमत मनात वाजत असते. त्यामुळे माणसं बोलवावी लागतात, बसवावी लागतात, मोजावी लागतात, आणि सगळी आल्याशिवाय खटका दाबायचा धीर होत नाही. मोबाईलचा फोटोही कागदावर छापून घेता येतो, हे पुतण्याचं म्हणणं मला मान्य आहे. येतो, पण आम्ही चार वर्षांत एकही घेतला नव्हता.

तेव्हा कॅमेरा रिळाचा, हे ठरलं. आता भिंग किती रुंद, हा प्रश्न. त्यासाठी मी रिठदला जाऊन टेप घेऊन अंगण मोजलं. आडाच्या कठड्यापासून ओट्यापर्यंत बरोबर चौदा फूट. माणसं बावीस. पुढच्या ओळीत अकरा बसवली, प्रत्येकाला दीड फूट धरला, तर साडेसोळा फूट रुंदी हवी.

पुढचं गणित शाळेतल्या त्रैराशिकाचं आहे. नेहमीच्या रिळावरची एक चौकट ३६ मिलिमीटर रुंद असते. समोरच्या माणसांपर्यंतचं अंतर घ्यावं, त्याला ३६ नं गुणावं आणि भिंगाच्या आकड्यानं भागावं, की किती रुंदीचं जग चौकटीत येतं ते कळतं. चौदा फुटांवरून पन्नासाचं भिंग दहा फूट बघतं. पस्तीसचं चौदा फूट आणि वर जेमतेम पाच इंच. अठ्ठावीसचं बरोबर अठरा फूट. म्हणजे साडेसोळा फूट माणसं आणि दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच श्वास घ्यायला! मी कागदावर ‘अठरा’ लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. एवढा आनंद मला नोकरीत कायम झालो तेव्हाही झाला नव्हता. १९९० च्या सुमारास मी अडतीसच्या भिंगाचा एक कॅमेरा घेऊन याच आडाला टेकून एक फोटो काढला होता, त्यात दोन्ही कडांचे दोन जावई अर्धे-अर्धे आले होते. त्या वेळी त्रैराशिक मांडलं असतं तर जावयांचा रुसवा टळला असता. तेरा फुटांत अकरा माणसं बसवायला आमचे जावई काही सडपातळ नव्हते.

आता स्थळं. अठ्ठावीसच्या भिंगाचे खिशात मावणारे कॅमेरे नव्वदच्या दशकात जपानात भराला आले होते. पहिलं स्थळ निकॉनचं, ‘अठ्ठावीस टीआय’, १९९४ सालचं. अंगावर टायटॅनियम, माथ्यावर मनगटी घड्याळासारखी काटे फिरणारी तबकडी. घराणं थोर, रूप देखणं. पण किंमत ऐकून मी चष्मा पुसला. दुसरं मिनोल्टाचं ‘टीसी-१’, १९९६ सालचं. मुठीत लपावं एवढं. तिसरं त्याच सालचं रिकोचं ‘जीआर-१’. मॅग्नेशियमचा सांगाडा, वजन दोनशे ग्रॅमपेक्षाही कमी. जपानचे प्रसिद्ध छायाचित्रकार दाइदो मोरियामा या घराण्यातले कॅमेरे घेऊन गल्लीबोळांतून हिंडले. रिकोनंच २००१ साली एकवीसच्या भिंगाचा ‘जीआर-२१’ काढला. चौदा फुटांवरून तो चोवीस फूट बघतो! त्यात आमच्या घराबरोबर शेजारचा गोठाही आला असता.

फुजीचा इवलासा ‘तिआरा’ होता, १९९४ सालचा, भिंग अठ्ठावीसच. रिकोचाच ‘आर-१’ होता. त्याचं भिंग तीसचं, पण एक कळ फिरवली की चोवीसचं होतं. मात्र त्या वेळी चौकटीच्या वरून आणि खालून काळ्या पट्ट्या येतात. म्हणजे बाजूचे जावई आत घ्यायचे आणि आजोबांचा फेटा आणि पोरांचे पाय बाहेर ठेवायचे. हा सौदा मला पटला नाही. आणि शेवटी गरीब घरचं एक स्थळ, व्हिव्हिटारचं ‘अल्ट्रा वाइड अँड स्लिम’. सगळं अंग प्लास्टिकचं, भिंगही प्लास्टिकचं, बावीस मिलिमीटरचं, एकच वेग, एकच छिद्र, सेल लागतच नाही. त्याच धाटणीचा नवाही हल्ली मिळतो. त्याचा साधेपणा मला फार आवडला. परंतु त्याला आपोआप खटका पडण्याची सोय नाही, म्हणजे काढणारा कायमचा फोटोबाहेर. एकाला आत घ्यायचं आणि दुसऱ्यानं बाहेर राहायचं, तर मग एवढा खटाटोप कशासाठी?

निकाल लावला तो मात्र भिंगानं नाही, सेलानं लावला. निकॉनला लागतो तो सेल, रिकोला लागतो तो सेल, हे मोठ्या शहरांतले पाहुणे. ऐन पाडव्याच्या सकाळी तो संपला तर रिठदला मी कुणाकडं धावणार? शिवाय या कॅमेऱ्यांत सगळा कारभार विजेवरचा. पंचवीस-तीस वर्षांनी आतलं काही जळलं तर सुटे भाग मिळत नाहीत. म्हणून मी दहा वर्षं आणखी मागं गेलो आणि ऑलिंपसच्या ‘एक्सए-४’ पाशी थांबलो. १९८५ सालचा कॅमेरा. योशिहिसा मैतानी या अभियंत्यानं १९७९ साली जी एक्सए नावाची छोटी जात काढली, तिच्यातला हा धाकटा. भिंग अठ्ठावीसचं. झाकणाऐवजी सरकतं दार; दार उघडलं की कॅमेरा जागा, लावलं की झोपला. रीळ अंगठ्यानं चाक फिरवून पुढं न्यायचं. उजेडाचा हिशेब तो स्वतः करतो, अंतर तेवढं आपण लावायचं. आणि रुंद भिंगाचा स्वभाव असा क्षमाशील, की भर उन्हात अंतराचा अंदाज हातभर चुकला तरी चित्र धूसर होत नाही. आपोआप खटक्याची सोय आहे. आणि सेल लागतात ते दोन बटणासारखे, घड्याळजीकडं मिळतात तसले, लहान पोरांच्या खेळण्यांत असतात तसले. रिठदमध्ये घरटी एक तरी असं खेळणं सापडेल!

पुतण्यानं पुण्यातल्या एका शौकिनाकडून तो मिळवला. किंमत इथं लिहीत नाही, कारण हा दिवाळी अंक आमच्या घरीही येतो. चाळीस वर्षांत मागच्या दाराच्या फटीतला स्पंज विरघळून डांबर झाला होता. तो खरवडून काढला आणि कुटुंबाच्या विणकामातली काळी लोकर चिकटवली. लोकर कमी झाल्याचं अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. या अंकानं येईल.

पहिलं रीळ परीक्षेचं. लहानपणी उटीच्या सरकारी कारखान्याचं ‘इंदू’ रीळ मिळायचं. तो कारखाना आता बंद पडला. परदेशी रीळ मागवून आम्ही सहकुटुंब लोणारला गेलो. रिसोडहून लोणार काही फार लांब नाही. उल्केच्या आघातानं पडलेलं ते प्रचंड विवर, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जवळजवळ अठराशे मीटर. मी काठावर उभा राहिलो, डोळ्याला कॅमेरा लावला, आणि सरोवराचा एक तुकडा तेवढा चौकटीत आला. मग माझी ट्यूब पेटली. वर्तुळाच्या काठावर उभं राहिलं की ते आपल्या डाव्या खांद्यापासून उजव्या खांद्यापर्यंत पसरलेलं असतं. ते सबंध बघायला एकशेऐंशी अंशांची नजर लागते. अठ्ठावीसच्या भिंगाची आडवी नजर पासष्ट अंशांची, एकवीसची एक्क्याऐंशीची. काठावर उभं राहणाऱ्याला सगळं वर्तुळ कधीच मिळत नाही. हा शोध मी कुटुंबाला सांगितला. ती म्हणाली, "हे आम्हां बायकांना भूमिती न शिकता कळतं."

तिथंच मी तिचा एक फोटो घेतला. सरोवर मधोमध यावं म्हणून तिला अगदी कडेला उभं केलं. रीळ धुवायला कुरियरनं मुंबईला पाठवलं, आणि फोटो आले तेव्हा घरात वादळ झालं. अठ्ठावीसच्या भिंगात कडेच्या वस्तू बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात. सरळ रेघ सरळ ठेवणाऱ्या भिंगाला ही किंमत द्यावीच लागते. मधल्या माणसाचा चेहरा जसाच्या तसा येतो, पण अगदी कडेच्याचा सुमारे पाचव्या हिश्श्यानं आडवा होतो. हे शास्त्र मी कोन काढून समजावलं. कुटुंबानं फोटोकडं पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे कडेच्या माणसाचं नशीबच असलं. अरुंद भिंग असलं तर बाहेर, आणि रुंद असलं तर भोपळा!"

पाडव्याच्या दिवशी सगळी मंडळी रिठदला जमली. सोयाबीन घरात येऊन बाजारात गेलं होतं, शेतात तूर उभी होती. अंगणात सडा, रांगोळी. मी आडाच्या कठड्यावर कॅमेरा ठेवला, खडूनं ओट्यापुढं अठरा फुटांच्या खुणा केल्या आणि हाका मारल्या. एकवीस माणसं आली. आत्या आली नाही.

ती चुलीपाशी होती. वय त्र्याऐंशी. म्हणाली, "तुम्ही काढा रे. मी इथून पाहातो."

"आत्या, फोटो तुझ्यासाठीच आहे. तू मधात बसायचं."

"मधात कशाले? कडेले उभी राहातो. मागं राह्यली होती तशी."

"मागं तू आलीस कुठं? नुसता हात आला. त्या फोटोग्राफरला डावं-उजवं कळत नव्हतं म्हणून..."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. "त्याले काहून बोल लावतं? त्याच्या डब्यात मी दिसत होती. तो म्हणे, बाई, आल्या तुम्ही, आता हालू नका. त्यानं मान खाली घातली न् मीच सरकली बाजूले."

"काहून?"

"नवी नवरी बसली होती. घरातला पह्यला फोटो. मी पांढऱ्या कपाळाची कशाले पाह्यजे त्यात?"

"कुणी म्हटलं होतं तुला?"

"कोनी नाही म्हटलं. म्हना लागत नाही ते."

मला काही सुचेना. उगीच विचारलं, "आणि हात?"

"तू वळवळ करू राह्यला होता. म्हून ठेवला. नाही त तोही काढला असता."

मी चुलीतल्या जाळाकडं बघत राहिलो. पन्नास वर्षं एका परक्या माणसावर राग धरला. आठ महिने भिंगं मोजली. अठ्ठावीस, चोवीस, एकवीस. स्वतःहून बाजूला सरकणाऱ्या माणसाला आत घेईल असं भिंग जपानातही कुणी काढलेलं नाही. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवांचं कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची चाल बंद करायचा ठराव केला, तेव्हा ती बातमी मीच आत्याला मोठ्यानं वाचून दाखवली होती. "चांगलं झालं," असं म्हणून ती तूर निवडायला लागली होती. ती चांगलं झालं म्हणाली ते हेरवाडच्या बायकांचं. स्वतःचा त्यात काही संबंध आहे असं तिला वाटलंच नव्हतं. आणि आज मी तिला मानाचं बोलून मधात बसवायला आलो होतो! मानानं बोलावलं की आत्या हमखास उठून जाते, हे मला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

म्हणून मी मान बाजूला ठेवला आणि शास्त्र काढलं.

"आत्या, हा कॅमेरा तसला नाही," मी म्हटलं. "याच्या कडेला जो उभा राहतो त्याचं तोंड आडवं येतं. आणि सगळ्यांत वडील माणूस याला मधोमध लागतं. नाहीतर सगळ्यांचाच फोटो बिघडतो."

पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं खरं होतं. पुढचं सगळं खोटं होतं. आत्यानं माझ्यावर विश्वास ठेवला नाही. तिनं दारात उभ्या असलेल्या आमच्या कुटुंबाकडं बघितलं. आणि जिनं महिनाभर त्या फोटोवरून माझ्याशी अबोला धरला होता, ती माझी धर्मपत्नी गंभीरपणानं म्हणाली, "खरं आहे, आत्याबाई. मी लोणारला कडेला उभी होते. अगदी भोपळ्यासारखी आले. हवं तर फोटो आणते."

"सगळ्यांचा बिघडते म्हणता," आत्या गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाली, "त बसतो बाप्पा."

ती मधोमध बसली. काकू शेजारी बसल्या. त्याच काकू, १९७४ च्या नवरी. काका गेल्याला सहा वर्षं झाली. त्यांनी काही न बोलता आत्याचा पदर खांद्यावर नीट केला. पुतण्याचं पोरगं आत्याच्या मांडीवर चढलं. मी कठड्यावर वाकून अंतर लावलं, आपोआप खटका लावला, आणि चौदा फूट धावलो. साठीच्या माणसानं दहा-बारा सेकंदांत चौदा फूट धावून चेहरा हसरा करणं ही काय मेहनत आहे, ते ज्यानं केलं असेल त्यालाच ठाऊक. जागा उरली होती ती उजव्या कडेची. पन्नास वर्षांपूर्वीची माझीच. असे सहा फोटो घेतले. सहा वेळा धावलो.

महिन्यानं मोठी प्रत करून, चौकट लावून ती रिठदला घेऊन गेलो. मोतीबिंदू काढल्यापासून आत्याला चांगलं दिसतं. तिनं फोटो ओसरीच्या उजेडात धरला आणि एकेका माणसावर बोट ठेवत नाव घेत गेली. स्वतःवरून बोट न थांबता पुढं गेलं. मांडीवरच्या पोरापाशी जरा थांबलं. मग एकेक करत ते उजव्या कडेला पोचलं आणि तिथंच राहिलं.

"हे कडेचं कोन हाये रे, भोपळ्यावाणी?"

"मी, आत्या."

तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"मंग आतमधी बसाचं होतं ना रे," ती म्हणाली. "माझ्यापाशी जागा होती."